काटा कोणी बंद करायचा

शनिवारी दुपारी चार वाजता शर्मिष्ठाआत्याने भनपुरीचा धर्मकाटा, ट्रक तोलायचा वजनकाटा, बंद केला, आणि रविवारी सकाळी साडेआठला अनुश्रीचे बाबा रायपूरच्या समता कॉलोनीत आजीच्या दारात उभे होते. मधल्या वेळात त्यांना सतरा फोन आले होते. चप्पल काढता काढताच त्यांनी तो आकडा सांगितला. धानाचा हंगाम ऐन भरात, रांगेत अकरा ट्रक, आणि फाटकावर पुठ्ठ्याचा एक तुकडा: काटा बंद है. का बंद, कधीपर्यंत बंद, काही पत्ता नाही. काट्याच्या शेजारीच बाबांचं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस होतं, त्यामुळे ज्याला त्याला वाटत होतं की शेखरभैयाला माहीत असणार.

“ताईले झालं काय, आई?” त्यांनी विचारलं.

आजी तव्यावर तांदळाच्या पिठाचा चिला पसरत होती. तिने मान वर केली नाही. “आधी बस. सगळे आले की बोलू.”

बाबांच्या मागून आत आलेल्या अनुश्रीला कारण माहीत होतं. ते तिच्या खांद्यावरच्या पिशवीत, चौकटीच्या वहीत, वीस नोंदींच्या तक्त्यात होतं. घरात ते आणखी फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस अजून यायचं होतं.

तिने वही काढून मांडीवर ठेवली, मग पुन्हा पिशवीत टाकली. ती बोलली, तर आत्याची खुर्ची जात होती. ती गप्प राहिली, तर लहानूभाऊ जन्मभर चोर राहत होता.

लहानूभाऊ म्हणजे सत्तावीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस. आजोबांनी, दिवाकररावांनी, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काटा घातला, तेव्हापासूनचा. ट्रक फाटकातून आत येतानाच तो अंदाजे वजन सांगायचा, आणि मग पावतीवरच्या आकड्याकडे असा बघायचा जणू यंत्राची परीक्षा घेतोय. आजोबा गेल्यावर अकरा वर्षं आत्या काटा चालवत होती, आणि चांगला चालवत होती. भनपुरीत दोन मिलवाल्यांचं वजनावरून वाजलं, तर ते म्हणत, चलो दीदी के काटे पर. तिथला आकडा दोघंही मानत.

तीन आठवड्यांपूर्वी एका मिलवाल्याने येऊन टेबलावर पावत्या आपटल्या. त्याने विकलेल्या तांदळाचं वजन त्याच्या स्वतःच्या काट्यापेक्षा इथे गाडीमागे दीडशे-दोनशे किलो कमी येत होतं. त्याचं म्हणणं असं की लहानू समोरच्या खरेदीदाराला मिळाला आहे. लहानूभाऊ म्हणाला, काटा खोटं बोलून राहिला दीदी, मी नाही. आत्याकडे तपासणीचं ताजं प्रमाणपत्र होतं, मिलवाला ओरडत होता, बाहेर ड्रायव्हरांचा घोळका जमला होता. तिने लहानूभाऊला खुर्चीवरून उठवलं, समोरच्या टपरीपर्यंत येऊन सगळ्यांदेखत चोर म्हटलं आणि घरी जायला सांगितलं. तो डबा उचलून निघून गेला. त्याचा गळ्यातला रुमाल आणि चष्मा अजून ड्रॉवरमध्येच होते.

अनुश्री भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून दिवाळीपासून घरी बसली होती. तिला लहानूभाऊबद्दल कळवळा वाटला हे खरं, पण आधी तिला कुतूहल वाटलं. तिने पावत्यांच्या प्रती मागवून घेतल्या. फरक फक्त चौदाचाकी गाड्यांच्या पावत्यांत होता. दहाचाकीत नाही, सहाचाकीत नाही. चोरी करणारा माणूस चाकं मोजून चोरी करत नाही, असं तिला वाटलं. मग शुक्रवारी आणि शनिवारी तिने एका भरलेल्या चौदाचाकी गाडीच्या ड्रायव्हरला हातापाया पडून ती काट्यावर पुढे, मागे, मध्ये, जरा तिरकी अशी चार ठिकाणी पाच-पाच वेळा उभी करायला लावली. आठव्या खेपेला ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

“बिटिया, गाड़ी तौल रही हो कि आरती उतार रही हो?”

विसाव्या खेपेपर्यंत उत्तर हाती आलं होतं. मागची चाकं उत्तरेकडच्या कोपऱ्यावर आली की वजन कमी भरत होतं, एकशे ऐंशी किलोच्या आसपास, दर वेळी. काट्याखालच्या खड्ड्यात काहीतरी अडकलं होतं. एवढा भार पडला की गाडी उभी राहते तो लोखंडी पाट वाकून त्या कशावर तरी टेकत होता, आणि तेवढं वजन यंत्राकडे जाण्याऐवजी खड्ड्याच्या भिंतीत जात होतं. लहान गाड्यांची चाकं त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हती.

शनिवारी पावणेचारला ती वही घेऊन आत्याच्या केबिनमध्ये गेली आणि दार लोटून घेतलं. आत्याने तक्ता दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आणखी कोणाले माहीत आहे?”

“कोणालाच नाही. बाबांना पण नाही सांगितलं.”

“मग मले एकटीले नको सांगू. उद्या आजीकडं सगळ्यांसमोर सांग. जसं आहे तसं. एक आकडा गाळशील तर याद राख.”

आणि ती उठली, बाहेर जाऊन मेन स्विच पाडला, पुठ्ठ्यावर तीन शब्द लिहिले आणि रांगेतल्या अकरा ट्रकांना परत जायला सांगितलं. अनुश्रीला तेव्हा नीट कळलंच नव्हतं की ही परवानगी होती की धमकी.

आत्या आली तेव्हा सगळे अंगणातल्या उन्हात बसले होते. तिच्यासोबत तिचा मुलगा नीलेश होता, नवा रायपूरला एका ऑफिसात नोकरी करणारा, मराठी सगळी समजणारा आणि उत्तर हिंदीत देणारा. अनुश्रीची आई सुजाता शाळेत गणित शिकवायची. तिने येतानाच रविवारच्या तपासायच्या वह्या आणल्या होत्या, पण त्या तिने उघडल्या नाहीत.

या घरात बैठकीची एक रीत होती. सगळ्यांत लहान माणूस आधी बोलायचं, मग त्याच्याहून मोठं, असं करत शेवटी घरातलं सर्वांत वडील. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. ही रीत आजोबांची. ते रेल्वेत रुळांची देखभाल बघत, आणि त्यांनी पाहिलं होतं की साहेब आधी बोलला की गँगमनला दिसलेली भेगही दिसेनाशी होते. म्हणून ते लाइनवर नेहमी गँगमनला आधी विचारत. घरी आल्यावर त्यांनी तेच लावलं, आणि अनुश्री चौथीत असताना कूलर कुठल्या खोलीत बसवायचा यावर तिचं मत सर्वांत आधी घेतलं होतं.

बाबांना मात्र आज धीर नव्हता. ते म्हणाले, पोट्टीले काय विचारायचं यात, ताईलेच सरळ विचारू. आजीने नुसतं बघितलं. 

अनुश्री सात-आठ मिनिटं बोलली. आकडे सुरू झाल्यावर ती अडखळली नाही. चौदाचाकी गाड्या, उत्तरेचा कोपरा, वीस नोंदी. एकही आकडा तिने गाळला नाही. शेवटचं वाक्य तिने रात्रभर घोळवलं होतं आणि तरी ते बोलताना तिने वहीकडे बघितलं.

“म्हणजे लहानूभाऊंनी काही केलं नव्हतं. ते खरं बोलत होते.”

 आत्या समोर, पाठ ताठ, हात मांडीवर. बाबांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग दुसरं काहीतरी, जे अनुश्रीला ओळखता आलं आणि आवडलं नाही. गेली चार वर्षं त्यांच्या मनात होतं की काटा आणि बुकिंग एका हातात यावं. आता तो हात पुढे करायची वेळ आली होती, आणि वेळ त्यांच्याच मुलीने आणून दिली होती.

नीलेशचा नंबर दुसरा. त्याने आईची बाजू घेतली असं सुरुवातीला वाटलं. तो म्हणाला, मम्मीने अकरा वर्षं एक सुट्टी घेतली नाही, सकाळी सहाला निघते, गुडघे दुखतात. मग त्याने जमिनीकडे बघत म्हटलं, “मम्मी, अब छोड़ दो न. मामा देख लेंगे. आपको ये सब सुनने की क्या ज़रूरत है.” प्रेमानेच म्हटलं त्याने. पण आत्याच्या डोळ्यांत तेवढ्यात काहीतरी हललं, बाबांच्या सगळ्या बोलण्याने नंतरही हललं नाही तेवढं.

मग आई. आईची आणि आत्याची कधी फार गट्टी नव्हती. एकमेकींच्या भाजीला नावं ठेवण्याइतपत सलोखा होता. त्यामुळे तिने काय म्हटलं ते ऐकून बाबांची मान झटकन वळली.

“तुमचं ऑफिस शेजारीच आहे,” ती बाबांना म्हणाली. “लहानूभाऊले उठवलं त्या दिवशी तुम्ही खिडकीत उभे होते. घरी येऊन मले सांगितलं होतं ना, बिचाऱ्यावर अन्याय झाला म्हणून. तिथं काहून नाही बोलले?”

बाबा म्हणाले, काटा ताईचा आहे, मी काय बोलणार. आई म्हणाली, तेच विचारून राहिली. 

आता बाबांचा नंबर होता, आणि ते बोलले ते वाईट बोलले नाहीत. अनुश्रीला हे नंतरही मान्य करावं लागलं. ते म्हणाले, यंत्र कोणाचंही बिघडतं, त्याचं काही नाही. पण माणसाला चार लोकांत चोर म्हणायच्या आधी ताईने एकदा दुसऱ्या काट्यावर गाडी नेऊन बघायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम होतं. ते न करता तिने सत्तावीस वर्षांचा माणूस घालवला. ज्याच्या हातात एवढा अधिकार आहे त्याने एवढं तरी करावं. तेव्हा तिने आता घरी बसावं, काटा मी बघतो, लहानूला काही ना काही देऊन मोकळं करू, आणि कॅमेऱ्यांवर चालणारा नवा काटा घालू, ज्याला माणूसच लागत नाही.

“बस, एवढंच,” असं म्हणून त्यांनी आत्याकडे बघितलं. ते भांडणाच्या तयारीत होते.

आत्या भांडली नाही. ती म्हणाली की शेखरचं बरोबर आहे, फक्त त्याला अर्धंच माहीत आहे.

“दसऱ्याच्या आधी लहानूभाऊ माझ्याकडं आला होता,” ती म्हणाली. “म्हणे दीदी, पावसाळ्याचा गाळ खड्ड्यात बसला आहे, एक दिवस काटा बंद करा, उपसून टाकतो. मी म्हटलं, हंगाम तोंडावर आला, तो निघू द्या. दिवाळीनंतर पुन्हा आला. मी पुन्हा तेच म्हटलं. म्हणजे काटा बिघडवला मीच. आणि बिघडला तर ज्यानं दोनदा सांगितलं होतं, त्यालेच चोर ठरवलं.”

नीलेश म्हणाला, मम्मी, इतना मत. तिने हातानेच त्याला थांबवलं.

“आणखी एक आहे. मी त्याले उठवलं, तेव्हा सगळे ड्रायव्हर चूप झाले. मिलवाला चूप झाला. मले त्या दिवशी बरं वाटलं होतं. घरी जाताना मनात आलं, ह्याले म्हणतात काटा चालवणं. जेवण पण दोन घास जास्तच गेलं.”

अनुश्रीने वहीवरून डोळे उचलले. प्रयोगशाळेत तिला शिकवलं होतं की यंत्राची चूक शोधणं सोपं, बघणाऱ्याची चूक शोधणं अवघड. पण बघणाऱ्याने आपली चूक स्वतः शोधावी, आणि ज्यांच्यापुढे ती सांगून आपलंच नुकसान होणार त्यांच्यापुढेच मोठ्याने वाचून दाखवावी, हे तिने कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं. शेवटचं ते, दोन घासांचं, तर कोणालाच कधी कळलं नसतं.

आत्या पुढे म्हणाली की ती काटा सोडायला तयार आहे. आजच. अट एकच. काट्याच्या मेन स्विचला कुलूप बसेल, त्याची चावी एकच असेल, आणि ती काट्यावर बसणाऱ्या माणसाकडे राहील. त्याला शंका आली की त्याने काटा बंद करायचा, कोणाला विचारायचं नाही. सुरूही त्यानेच करायचा. मालकाकडे दुसरी चावी नाही.

बाबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती गंमत करत नाही.

“नौकराच्या हाती चावी, तर मग मी मालक कशाचा?”

“बाकी सगळ्याचा,” आत्या म्हणाली. “भाव कोणता, माणसं कोणती, मिलवाल्याशी कोणी बोलायचं, सगळं तुझं. फक्त काटा खरा आहे की नाही, हे तू नाही सांगायचं. तू खिडकीत बसतोस, मी केबिनमध्ये बसते. त्याच्या पायाखाली तो पाट हलतो.”

बाबांनी ती अट मान्य केली नाही. ते म्हणाले, असं कुठं चालत नाही. उद्या त्याचं माझ्याशी बिनसलं आणि हंगामात त्याने कुलूप घातलं तर? आत्या म्हणाली, तर त्याच्याशी नीट वागायचं. आई वह्यांच्या आड हसली.

आजी सगळ्यांत शेवटी बोलायची, आणि थोडंच. तिने आधी बाबांच्या ताटलीत आणखी एक चिला वाढला.

“शेखर, पोट्टीनं काल दुपारी हे तुले सांगितलं असतं. रांगेत अकरा गाड्या. तू काटा कधी बंद केला असता?”

 बाबांना खोटं बोलता आलं असतं. तिथे कोणी हटकलं नसतं. त्यांनी चिल्याचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

“सोमवारी,” ते म्हणाले. “रांग संपवून.”

“हव,” आजी म्हणाली. “मलेही तसंच वाटलं होतं. तू खरं सांगितलं ते चांगलं केलं.” मग ती आत्याकडे वळली. “काटा तूच पाहा. चावीचं म्हणालीस ते कर. पण लहानू आला नाही, तर मग मी पुन्हा विचार करीन. त्याच्यावाचून काटा तुलेही नाही, यालेही नाही.”

आता सगळं एका माणसावर आलं होतं, आणि तो भनपुरीच्या पाऱ्यात, तिथल्या वस्तीत, आपल्या घरी होता.

नीलेशने गाडी काढली. वाटेत आत्याने एका दुकानातून पितळी कुलूप घेतलं. दुकानदार सोबतच्या तीन चाव्या देऊ लागला तेव्हा तिने दोन त्याच्यासमोरच काउंटरवर ठेवून दिल्या. तो म्हणाला, दीदी, खो जाएगी तो? ती म्हणाली, तब ताला तोड़ेंगे. लहानूभाऊच्या गल्लीच्या तोंडाशी तिने सगळ्यांना गाडीतच बसायला सांगितलं आणि एकटी आत गेली. बाबा मागून आपल्या स्कूटरवर आले होते. ते गाडीपासून चार हात लांब उभे राहिले.

वीस मिनिटांनी दोघं चालत आले. लहानूभाऊने धुतलेला शर्ट घातला होता आणि तो कोणाकडे बघत नव्हता. आत्या हळूच म्हणाली, नुसतं बघायला येतो म्हणे. कामावर नाही.

काट्यासमोरच्या चहाच्या टपरीवर दहा-बारा ड्रायव्हर होते. कालचे बरेचसे तिथेच थांबले होते, नवे येऊन मिळाले होते. रांग आता रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. आत्या सरळ टपरीपाशी गेली. जिथे तीन आठवड्यांपूर्वी उभी होती, साधारण त्याच जागी उभी राहिली.

“सब लोग सुनो,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, हिशोबाचा. “तीन हफ्ते पहले मैंने यहीं लहानूभाऊ को चोर कहा था. वो चोर नहीं थे. काटा खराब था, और मेरी गलती से खराब था. उन्होंने दो बार बोला था, मैंने नहीं सुना. जो उस दिन यहाँ थे, वो ये भी जाकर बोलें.”

कोणीतरी बिडी विझवली. एक म्हातारा सरदारजी ड्रायव्हर लहानूभाऊकडे बघून हलकेच मान झुकवून गेला. बाकी सगळे चूप होते. अनुश्रीला वाटलं, त्या दिवशीही असेच चूप झाले असतील. पण आज आत्याच्या चेहऱ्यावर बरं वाटण्याची खूण नव्हती. वरच्या ओठावर घाम होता, जानेवारीच्या उन्हात.

लहानूभाऊने एकेका ड्रायव्हरकडे बघून घेतलं. मग म्हणाला, “त्या दिवशी मिलवाला होता. तो आज नाही.”

“उद्या सकाळी आपण दोघं त्याच्या मिलमध्ये जाऊ. त्याच्या माणसांसमोर बोलीन.”

“मी कशाले? तुम्ही चोर म्हटलं, तुम्ही जा.”

“बरं. मी जाते.”

तिने कुलूप आणि चावी पुढे केली आणि कशासाठी ते सांगितलं. लहानूभाऊने कुलूप हातात घेऊन तोललं, जणू त्याचंही वजन सांगणार होता. विचारलं, दुसरी चावी? नाही, ती म्हणाली. शेखरभैयाकडे? नाही. मग त्याने पहिल्यांदा बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी नजर चुकवली नाही, पण मान हलवली: नाही.

लहानूभाऊने शर्ट काढून खुंटीला टांगला आणि खड्ड्याची झाकणं उघडायला लावली.

दुपार त्यातच गेली. तो स्वतः उतरला, दोन हमाल उतरले, घमेल्यांनी काळा गाळ वर येत राहिला. उत्तरेच्या कोपऱ्यात, भिंत आणि पाट यांच्या फटीत, मुठीएवढा लोखंडाच्या मळीचा, स्लॅगचा, खडा पाचरीसारखा बसला होता. कारखान्यांच्या गाड्यांतून असे खडे सांडत आणि पाण्याबरोबर खाली जात. लहानूभाऊने तो अनुश्रीच्या हातावर ठेवला. “घे. तुझा एकशे ऐंशी किलो.” खडा अजून ओला होता. तिने लहानूभाऊकडून तेवढ्यापुरता स्विच लावून घेतला आणि तीच चौदाचाकी गाडी पुन्हा त्या कोपऱ्यावर घेतली, पाच वेळा. फरक दहा किलोच्या आत आला होता. तिने वही आत्याला दाखवली, आणि मग, क्षणभर विचार करून, लहानूभाऊला दाखवली.

चार वाजले होते. बाबा येऊन उभे राहिले. एकोणीस गाड्या झाल्या आहेत, ते म्हणाले. आता सुरू केला तर अंधार पडायच्या आत निम्म्या निघतील.

आत्याने लहानूभाऊला विचारलं, “सुरू करायचा?”

त्याने हात पुसले. “नाही. एक कोपरा झाला. तीन राहिले. उद्या दुपारून पाहू.”

त्याने मेन स्विचपाशी जाऊन तो पाडला, कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं आणि चावी बनियनच्या आतल्या करदोट्याला बांधली.

सगळे आत्याकडे बघत होते. अनुश्रीही बघत होती. उत्तरेचा कोपरा दुरुस्त झाला होता. आकडे तसं सांगत होते. तिच्याच वहीतले आकडे. आत्याने एक शब्द टाकला असता तर लहानूभाऊने कदाचित कुलूप काढलंही असतं. सत्तावीस वर्षांची सवय होती.

“हव,” आत्या म्हणाली. “उद्या दुपारून.”

तिने पदर खोचला आणि ती रांगेतल्या पहिल्या ट्रककडे निघाली. खिडकीशी थांबून, मान वर करून, ड्रायव्हरला स्वतः सांगू लागली. तो चिडून काहीतरी बोलत होता आणि ती ऐकून घेत होती. मग दुसऱ्या ट्रककडे गेली.

बाबा तिथेच उभे होते, हातात फोन. तो वाजत होता. त्यांनी तो न घेता खिशात टाकला, आणि रांगेच्या कडेकडेने भराभर चालत दूर वळणापर्यंत गेले. तिथून, शेवटच्या ट्रकपासून, त्यांनीही तेच सांगायला सुरुवात केली.